मॅलकी टूहीचा आवाज

खोकल्याची गोळी कागदाला चिकटून बसली होती... नखाने कागद खरवडता खरवडता कोलमन डिव्हेनच्या लक्षात आलं, की आपण घसा साफ करतोय तो थेट प्रयोगाआधी करतो तसा — आणि आज तर प्रयोग नाही. ऊख्टरार्डला एका म्हाताऱ्याला भेटायचं, एक वाक्य बोलायचं आणि गॉलवेची परतीची बस धरायची, एवढंच.

"काय मालक, आज दुकान बंद वाटतं?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

कोलमनने नाक वर ओढलं, कानाची पाळी चिमटीत ताणली. "तुझ्यासारखी गिऱ्हाईकं असल्यावर बंदच बरं हो!"

अख्खी बस हसली. एकोणीस वर्षं सगळा देश असाच हसत आला होता — त्याने टीव्हीवर रंगवलेल्या त्या खडूस दुकानदाराला, मिस्टर क्वर्कला. नाक ओढणं, कानाची पाळी, वार करून झाल्यावर शेवटी लावलेला तो गोड 'हो'... सगळं मॅलकी टूहीचं. कोणाला पत्ता नव्हता. ज्याला कळायला हवं होतं त्याला तेवढं कळत असणार. दर रविवारी संध्याकाळी तो कुठल्या खुर्चीत बसत असेल, आपलीच फजिती बघताना टीव्ही बंद करायला हात पुढे होत असेल आणि तरी बंद करवत नसेल — हे चित्र उशाशी घेऊन कोलमन झोपत आला होता. चित्रपट झाले, लंडनच्या रंगमंचावर दोन राजे करून झाले, पण ही चव कशालाच नव्हती.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कोलमन चोवीस वर्षांचा होता. गॉलवेत मॅलकीची नाटक कंपनी, मुख्य भूमिका, सहा आठवड्यांच्या तालमी. पहिल्या प्रयोगाला आई एनिसहून बसने आली होती, शेजारणीची हॅट मागून घालून. आणि त्याच दुपारी मॅलकीने भूमिका दुसऱ्याला दिली. कारण? "तुझं तोंड आज मला पटत नाही." कोलमनच्या हातात एक तबक दिलं, नोकराचं. आई दुसऱ्या रांगेत बसून नाटकभर ते तबक बघत राहिली... आणि नाटक सुटल्यावर दारात मॅलकी तिच्यासमोर उभा राहिला, नाक ओढलं, कानाची पाळी ताणली —

"एवढ्या लांबून आलात बाई? बरं केलंत. तुमचा मुलगा तबक फार सुरेख धरतो हो!"

भोवतालचे सगळे हसले. आईसुद्धा हसली, कारण तिला वाटलं कौतुकच आहे. की कळलं होतं तिला? हे मात्र तिने कधी सांगितलं नाही. या एप्रिलात ती गेली.

वृद्धाश्रमाच्या दारात मॅलकीची मुलगी डर्वला उभी होती, पन्नाशीची, कार्डिगनच्या बाह्या हातावर ओढून घेतलेली. तिनेच फोन करून बोलावलं होतं. आत खिडकीपाशी मॅलकी खुर्चीत होता, मागे तळं, अर्धा चेहरा ओघळलेला. चार वर्षांपूर्वी झटका आला, वाचा गेली. कोलमनने वाक्य तयार ठेवलं होतं: ओळखलंस का मॅलकी? तो क्वर्क तूच होतास... पण डर्वलाच आधी बोलली.

"कोलमन, खरं सांगू? बाबांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. साधी टेपसुद्धा नाही. मग आम्ही तुमची मालिका लावतो. माझ्या पोरी म्हणतात, आई, आजोबा लाव!"

"तुम्हाला... माहीत होतं?"

"पहिल्याच भागात ओळखलं की! बाबा तर पबमध्ये छाती फुगवून सांगायचे, हा माझ्या हाताखालचा पोरगा, माझ्याशिवाय त्याचं पान हलत नाही. किती जीव होता हो तुमचा त्यांच्यावर!"

एकोणीस वर्षं. रविवारची ती खुर्ची... त्या खुर्चीत तो मजेत बसला होता तर. चहा पीत.

"त्यांच्यासारखं बोला ना काहीतरी. त्यांना बरं वाटेल."

कोलमन वाकला. नाक ओढलं. कानाची पाळी ताणली. आणि त्या उघड्या डोळ्यात थेट बघत म्हणाला, "एवढ्या लांबून आलात बाई? बरं केलंत. तुमचा मुलगा तबक फार सुरेख धरतो हो!"

मॅलकीच्या ओठांची धड बाजू हलली. डर्वलाने टाळी वाजवली. "हसले! बघा, हसले!" डोळ्यातून पाणी आलं, पण तो डोळा म्हणे दिवसभर गळतच असतो. हसला, की लागलं, की काहीच नाही... चव्वेचाळीस वर्षं ज्याने हा चेहरा पाठ केला त्यालाच ते सांगता येईना. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मग आणखी एकदा, दात आवळून. डर्वलाचं हसू मावळलं.

"हे... कुठल्या भागातलं?"

"पहिल्या," तो म्हणाला, आणि कोट उचलला.

बसथांब्यावर दुसरं कोणी नव्हतं. भिंतीपलीकडे मेंढ्या होत्या आणि कुठूनतरी पीटचा, चुलीत जाळायच्या दलदलीतल्या मातीचा, धूर येत होता. त्या दिवशी तबकाचं नाटक आटोपल्यावर, बसमध्ये चढताना आई काहीतरी म्हणाली होती. शब्द आठवत होते: "दमलास ना रे? काही खाल्लंस का?" शब्दच फक्त. त्याने आयुष्यभर बिशपांचे आवाज उचलले, मंत्र्यांचे उचलले, खाटकांचे उचलले, तिच्या आवाजाला कधी हात लावला नाही — ती काय, आहेच, असं वाटत राहिलं. आता तिचा 'रे' कसा होता... पट्टी वरची की खालची? त्याने इकडेतिकडे बघून ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं.

मॅलकीच्या आवाजात आलं.

पुन्हा म्हटलं, हळू, श्वास सांभाळून. मॅलकीच. राग आला, तोच जुना, इतकी वर्षं पोसलेला, पण तो कोणाच्या अंगावर सोडायचा हे त्याला पहिल्यांदाच कळेना... खिडकीपाशी बसलेल्या त्या मुक्या म्हाताऱ्याच्या, की स्वतःच्याच, जो घशात त्या म्हाताऱ्याला राहायला जागा देऊन बसला आणि आईला मात्र दाराबाहेर उभी करून विसरला? वळणावर बस दिसली. त्याने हात वर केला नाही. तो नुसते ओठ हलवत उभा होता, एनिसच्या त्या बाईचा एक तरी 'रे' सापडतो का, ते चाचपत...