पंखाखालचा ताईत

स्क्वाड्रनचं युद्ध अकरा दिवस चाललं. त्याचा इतिहास लिहायला सतरा वर्षं लागली. विमानं नऊ, त्यातली सहा जमिनीवरच जळाली. उरलेल्या तिन्हींच्या पराक्रमावर निवृत्त कॅप्टन काटिगबाक यांनी दोनशे पानं भरली होती. लेफ्टनंट उर्बानोच्या मृत्यूचं पान तेवढं राहिलं होतं. ते आईच्या कानावर घालूनच छापायचं, म्हणून कॅप्टन आज लिपा गावात तिच्या घरी आले होते. सोबत उर्बानोच्या विमानाचा मेकॅनिक, पोन्सियानो.

पोन्सियानोला उर्बानोची आठवण काढावी लागत नसे. तो रोज भर दुपारी येई, जिन्यात बसे आणि जळक्या तेलाचा वास मागे ठेवून जाई. जिवंतपणी हा माणूस कधी वेळेवर आला नव्हता. आज तो आईशेजारच्या खुर्चीत बसला होता. म्हातारी त्याच्याच अंगावरून हात नेऊन कॉफी ओतत होती.

"शत्रूच्या गोळ्यांनी वीरमरण," कॅप्टननी वाचलं.

"ते राहू दे," सेपा म्हातारी म्हणाली. "पोन्सिंग, मी दिलेला ताईत बांधला होतास का रे?"

गुड फ्रायडेला मंतरलेला, लाल फडक्यात शिवलेला ताईत. उर्बानो तो गळ्यात घालेना, म्हणून तिने मेकॅनिकच्या हाती दिला होता. उर्बानोला दिसू नये म्हणून पोन्सियानोने तो पंखाखाली, वेग मोजायच्या नळीला बांधला. वाऱ्याने फडकं सरकलं आणि नळीच्या तोंडावर बसलं. वेगाचा काटा खोटं बोलू लागला. उर्बानो लढाईतून धड परतला आणि धावपट्टीच्या अलीकडेच वेग गमावून कोसळला. विमानाला गोळीचं एकही भोक नव्हतं. फडकं पोन्सियानोने गुपचूप सोडवून घेतलं होतं.

"विसरलो, नानाय," तो म्हणाला. उर्बानोसारखाच तोही तिला आई म्हणे.

"गाढवा! सतरा वर्षं मी त्या ताइताला शिव्या घालतेय, तुला घालायला हव्या होत्या!" म्हातारी रडता रडता हसली आणि आतून नवाकोरा लाल ताईत घेऊन आली. "माझा नातू नेस्तोर सोमवारी पहिल्यांदा एकटा उडणार. त्यालाही गळ्यात नकोय. तू कुठे बांधणार होतास ते सांग, तिथेच बांधायला लावते."

"सांगून टाक की," कॅप्टन म्हणाले. "त्यात काय एवढं?"

खुर्चीतल्या उर्बानोने सतरा वर्षांत पहिल्यांदाच मान वर केली.

"बांधला होता," पोन्सियानो म्हणाला. मग नळी, फडकं, काटा, सगळं क्रमाने सांगितलं. तपासणीचा अहवाल वाचावा तसं.

म्हातारीने हातातला ताईत मांडीवर ठेवला.

"म्हणजे आपण दोघांनी मिळून," म्हातारी म्हणाली.

"हो, नानाय."

कॅप्टननी पेनाला टोपण लावलं. "हे काही पुस्तकात बसायचं नाही."

"नाही बसलं तर नाही." म्हातारी ताइताची शिवण उसवू लागली. "नेस्तोरला तू सांग पोन्सिंग, सोमवारच्या आत. माझ्याने नाही व्हायचं."

पोन्सियानोने टोपी उचलली. विमानतळापर्यंत बसने दीड तास लागे. पहिलं वाक्य जुळवायला तेवढा पुरणार नव्हता.