एका चुलीचं रक्त

माणसाले राग किती यावा याची काही हद्द असते. माझी त्या दिवशी सकाळी साडेदहालेच संपली.

मी संघमित्रा. बालाघाटात एका सरकारी दवाखान्यात लॅबमधी काम करते. सतरा वर्षं झाले लोकाईच्या बोटाले सुई टोचून राह्यली. रक्त पाहून मले कधी चक्कर नाही आली, माणसाईच्या गोष्टी ऐकून मात्र रोज येते.

साडेदहाले प्रेमलाल आला. खैरलांजीकडचा, धानाची शेती, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, संग पोरगी. "मॅडम, आमच्या रूपालीचा सिकलसेलचा रिपोट न्याले आलो जी. लगन पंधरा दिवसावर आलं."

रिपोट तयार होता. रूपाली प्रेमलाल, वय बावीस, एए. म्हणजे साफ. तो पाहून मले सोताले आनंद झालता, कारण पोरगी कोण्या घरी जाऊन राह्यली ते मले माहीत होतं. राजेगावची शेवंताबाई. तिची पोरगी रीना सोळा वर्षांची, सिकलसेलची पेशंट. दर महिन्याले तिले रक्त चढवाले आणा लागते. थंडी पडली का हाडं दुखते अन् पोट्टी अशी रडते, का बाजूचे पेशंट आपलं दुखणं विसरून उठून बसते. मोठा पोरगा धर्मेंद्र, रूपालीचा होणारा नवरा, तो एएस. त्याले काही होत नाही, धडधाकट ट्रॅक्टर चालवते. पण आईकडून एक अन् बापाकडून एक असे जे दोन गुण येते, त्यातला त्याचा एक बिघडलेला आहे. बायकोबी एएसच भेटली, तं दर बाळंतपणाले चारातून एक डाव असा, का लेकरू रीनासारखं निघन.

म्हणून शेवंताबाईनं मले महिन्याआधीच हात जोडून सांगतलं होतं, "मॅडम, मले हुंडा नको, पलंग-अलमारी नको. पोरगी काळी असो का गोरी असो. फक्त रक्त साफ पाह्यजे." एवढी एकच मागणी त्या बाईची.

तं मी रिपोट उचलला, वर पाह्यलं, अन् हात तसाच राह्यला. समोरची पोरगी उंच, सावळी, चष्म्याची. मी जिचं रक्त घेतलतं ती ठेंगणी होती अन् तिच्या हातावर गोंदण होतं.

"हे कोण?"

"रूपाली जी. काहून?"

"मंग त्या दिवशी कोण आलती?"

प्रेमलाल हसला. लाजबीज काही नाही. "ते तिची मामी जी. पोरीची परीक्षा होती. मामी तशीबी बालाघाटले येऊन राह्यलती, साडीले पिको कराले. म्हटलं, आता जाऊनच राह्यली तं रक्तबी देऊन येईन."

मी कपाळावर हात मारला. "अन् आधार रूपालीचं कसं दाखवलं तिनं?"

"आधार आम्हीच देल्लं जी संग. कागद सारे बरोबर होते." जसा काही कायदाच पाळला यानं! आधारवरचा फोटो तसाबी कोणाचाच दिसत नाही, अन् मामीनं उन्हाचा दुपट्टा तोंडाले गुंडाळलता. तरी चूक माझीच. दुपट्टा काढा म्हणाले मले काय झालतं? माझा माझ्यावर राग आला तो वेगळाच.

"प्रेमलालभाऊ, लगन भाचीचं अन् रक्त मामीचं? काही समजते का तुम्हाले?"

"एकच घर होय ना जी. साळा आमच्याच घरी राह्यते. पंधरा वर्षांपासून मामी आमच्या चुलीचं खाते. एकच तांदूळ, एकच वरण. रक्त अन्नाचंच बनते ना?"

"मंग तुमची म्हैसबी तुमच्याच शेतातलं तणीस खाते. तिचं रक्त घेऊ काय?"

"मॅडम, म्हैस जनावर होय जी." तो मलेच शांतपणे समजावून सांगाले लागला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याले दंडाले धरून मायक्रोस्कोपजवळ नेलं, स्लाइड ठेवली. "पाहा. काय दिसते?"

"गोल गोल. टिकल्या."

"त्या लाल पेशी. एका थेंबात करोडोनं असते. मधात दबलेली दिसते का नाही, जशी कणकेची गोळी अंगठ्यानं दाबली? बाकीच्या पेशीईच्या पोटात केंद्रक असते, सारा कारभार त्याच्या हुकमानं चालते. हिनं ते तयार होता होताच बाहेर टाकून देल्लं, काहून का हवा वाह्याले जागा जास्त व्हावी. शिरा हिच्यापेक्षाबी बारीक राह्यते, तं ही दुमडून जाते, पलीकडं निघाली का पुन्हा गोल. चार महिने हमाली करते अन् मरते. अन्न हिले फक्त सामान देते, भाऊ. हिले घडवाची कशी, ते आईबापाकडून येते. मामीकडून नाही!"

मंग दुसरी स्लाइड ठेवली, सिकलसेलच्या पेशंटची.

"अरे बाप्पा! हे तं इळे होय जी, धान कापाचे."

"हौ. पेशीच्या अंदरचा लाल माल आपसात चिकटते, त्याच्या काड्या बनते, पेशी ताठ होते. ताठ झाली का दुमडत नाही, शिरेत अडकते. जिथं अडकली तिथलं माणूस बोंबलते."

प्रेमलाल पुन्हा वाकला. एक डोळा मिटून लय वेळ पाह्यत राह्यला. मले वाटलं, चला, उजेड पडला बिचाऱ्याच्या डोक्यात. मंग तो सरळ झाला, डोळा पुसला अन् म्हणते कसा, "पण आमच्या घरी असं नसते जी. आम्ही जवसाचं घरचं तेल खातो."

पालथ्या घड्यावर पाणी! मी त्याच्या नाकासमोर त्या रिपोटावर लाल पेनानं आडवी काट मारली, रजिस्टरमधी 'नमुना चुकीचा' म्हणून लिहिलं, रूपालीले खुर्चीवर बसवलं अन् त्याले म्हटलं, "तुम्ही जा. चहा पिऊन या. तुम्ही समोर असले का माझं डोस्कं चालत नाही."

"तुमच्यासाठीबी आणतो जी," म्हणत तो गेला. रागबी येत नाही अशा माणसाले, हे आणखी एक दुखणं.

मी पोरीचं बोट पुसलं, सुई काढली. तिनं हात मागं घेतला.

"टोचू नका मॅडम."

"काहून? भेव लागते? लगन कराले निघाली अन् सुईले भेते?"

"नाही. बाबाले बोलू नका तुम्ही. मामीले मीच पाठवलं." तिनं बॅगेच्या अंदरच्या खिशातून एक कार्ड काढलं. "दो साल पहले कॉलेज में शिविर लगा था."

कार्डावर तिचं नाव, तिचा फोटो. एएस.

"अन् ती परीक्षा?"

"होती. पण दुपारी होती."

"काय शिकतं तू?"

"बी.एस्सी. लास्ट इयर. बायो."

"म्हणजे आता मी तुझ्या बापाले जे सांगतलं, ते सारं तुले येते?"

"येते." तिनं मान खाली घातली. "पेशीवाल्या पेपरात मले सत्तरपैकी त्रेसष्ट आहे."

माय वं! एक अडाणी माणूस, ज्याले चूल अन् रक्त एकच वाटते, त्याच्यावर मी अर्धा घंटा घसा फोडला. अन् जिले सारं तोंडपाठ, ती बाजूच्या बाकावर मुकाट्यानं बसून ऐकून राह्यलती. मी म्हटलं, "बापाचं मी समजू शकते. तुझं काय समजू? त्रेसष्ट मार्क काय लोणचं घालाले घेतले?"

"एएस म्हणजे बिमारी नाही ना मॅडम."

"मले शिकवतं? नाहीच बिमारी. तुले काहीच झालं नाही. एएवाल्या पोरासोबत लगन कर, खुशाल नांद, लेकरं कर. अशी पोरं ढीगभर भेटन तुले."

"मले एएवाल्या पोरासोबत नाही कराचं. मले धर्मेंद्रसोबत कराचं आहे."

मी सुई ठेवून देल्ली.

मंग ती भराभरा बोलाले लागली, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. "चार में से तीन तो ठीक रहेंगे ना मॅडम? अन् लेकरू पोटात असतानाच टेस्ट होते, नागपूरले. मी वाचलं सारं."

"होते. डॉक्टरले विचारून, दोघं मिळून ठरवून, लोकं करतेबी. पण दोघं मिळून, वं! धर्मेंद्रले सांगतलं तू?"

तिनं मान हलवली. नाही.

"काहून?"

"तो आईपासून काही लपवत नाही. त्याले सांगतलं म्हणजे तिले सांगतलं. अन् तिनं नाही म्हटलं का तो लगन मोडन. मले माहीत आहे." अन् चष्मा काढून रडाले लागली.

रडणारी पोट्टी समोर असली का माझा राग ढिला पडते, म्हणून मी आणखीनच मोठ्यानं बोलली. "ऐक. तुझा रिपोट मी कोणालेच सांगणार नाही, तसा नियम आहे. शेवंताबाई आज वरच्याच वॉर्डात आहे, पण मी तिले एक शब्द बोलणार नाही. फक्त हा खोटा कागद इथून जाणार नाही. पुढं सांगाचं का नाही, ते तुझं तू पाहा."

माझं बोलणं संपते न संपते, तं दरवाजा उघडला. प्रेमलाल, हातात चहाचे गिलास, अन् मागं कोण? शेवंताबाई!

"समधीण चहाच्या टपरीवरच भेटली जी! सांगून टाकलं म्हटलं, रिपोट एकदम साफ आला!"

काट मारलेला कागद या माणसानं आपल्या डोळ्यानं पाह्यलता. पण एकदा साफ आला म्हणजे साफ आला, वर काट मारा का शाई ओता. मी हात टेकले. खरंच टेकले, टेबलावर.

शेवंताबाईले मी नऊ वर्षांपासून पाह्यते. ती हसली असं मले एकबी वेळ आठवत नाही. त्या दिवशी ती दारातच हसून राह्यली होती. रीनासाठी आणलेला बिस्किटाचा पुडा तिनं कंबरेच्या पिशवीतून काढून फोडला, एक बिस्कीट रूपालीच्या हातात देल्लं. "तोंड गोड कर, माय. दुसरं काही नाही माझ्याजवळ आता." मंग माझ्याकडं पाहून म्हणे, "मॅडम, महिना झाला, मले झोप नाही. आज मी झोपीन."

रूपालीनं बिस्कीट धरलं अन् माझ्याकडं पाह्यलं. मी काही मदत नाही केली. आली होती तोंडावर एखादी थाप, खोटं कशाले बोलू. "मशीन बिघडली, रिपोट उद्या" म्हणणं किती सोपं होतं. पण मी तोंड शिवून उभी राह्यली.

तिनं बिस्कीट टेबलावर ठेवलं. कार्ड उचलून शेवंताबाईच्या हातात देल्लं.

शेवंताबाईले वाचता येत नाही. पण इतकी वर्षं दवाखान्याच्या चकरा मारून तेवढी दोन अक्षरं तिले वळखता येते. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं. "हा कोणाचा होय?"

"माझा."

"अन् साफवाला?"

"मामीचा. मी तुम्हाले फसवून राह्यलती."

"पण जी, मामी अन् ही..." प्रेमलालनं तोंड उघडलं. "चूप!" मी अशी ओरडली का त्याच्या हातातला चहा सांडला.

मले वाटलं, आता शेवंताबाई तमाशा करन. मी असती तं केला असता. पण तिचा आवाज चढलाच नाही. "माझ्या लगनात मले कोणी विचारलं नाही, पोरी. मले माहीतबी नव्हतं, माझ्या नवऱ्यालेबी नव्हतं. तुले तं माहीत होतं."

"हौ."

"मंग आता काहून सांगतलं? खाऊन टाकाचं होतं बिस्कीट. झालं असतं लगन."

रूपालीनं टेबलावरच्या बिस्किटाकडं पाह्यलं. मंग म्हणे, "तुम्ही झोपीन म्हटलं म्हणून."

शेवंताबाईनं तिले जवळ ओढलं. तिचं डोकं छातीशी धरलं अन् दोघीबी रडाले लागल्या. मले धास्ती भरली. वाटलं, ही बाई आता पाघळली, आता हौ म्हणन, अन् दहा वर्षांनं आणखी एक लेकरू त्याच वॉर्डात, त्याच खाटेवर. माझ्या तोंडाशी ओरडणं आलतं.

शेवंताबाईनं पदरानं पहिले पोरीचं तोंड पुसलं, मंग आपलं. तिची हनुवटी धरली.

"तुले नाही म्हणत नाही मी," ती म्हणे. "तुझ्यासारखी मले आता कुठी भेटणार आहे? तुझ्या पोटी जे येईन ना, माय, त्याले नाही म्हणते. रडते ते, अन् आपल्याले काहीच करता येत नाही."

वरून नर्सनं आवाज देल्ला, रीनाची रक्ताची बाटली संपत आलती. शेवंताबाईनं कार्ड रूपालीच्या हातात वापस देल्लं, अन् कठड्याले धरत जिना चढाले लागली.