स्नेझिनाबाईंचा पहिला नियम

मित्रांनो, काचघराच्या फुटक्या तावदानाच्या जागी ठोकलेला पुठ्ठा म्हणजे मी. माझ्या डोक्याशी एक खिळा आहे. त्या खिळ्यानेच घात केला.

माझा जन्म प्लॉवडिव शहरातल्या एका कारखान्यात झाला. तिथे मायक्रोकंट्रोलरना, म्हणजे यंत्रांत बसवायच्या नखाएवढ्या संगणकांना, कामे शिकवीत. स्नेझिनाबाई तिथल्या प्रमुख. "प्रत्येक जण आपल्या मनाने नावं ठेवतो, आकडे घालतो आणि निस्तरायचं मी," असे पुटपुटत त्यांनी काळ्या शाईने माझ्यावर अकरा नियम लिहिले. पहिला नियम: मोजणी नेहमी शून्यापासून. पहिल्या तारेचा क्रमांक शून्य, चौथीचा तीन. दुसरा नियम: आराखड्यात जे नाव, तेच प्रोग्रॅममध्ये. नवीन माणूस कामाला लागला की त्याला आधी माझ्यासमोर उभे करीत. फार मान होता मला.

पुढे कारखाना बंद पडला. बाई मला गावी घेऊन आल्या. नवऱ्याच्या काचघरासाठी त्यांनी एक पेटी बनवली. उकडले की ती खिडक्या उघडी आणि गारठा पडला की हीटर लावी. मग एका हिवाळ्यात बाई गेल्या. त्यांचे यजमान देल्चोकाका एकटे उरले. गारपिटीत तावदान फुटले तेव्हा त्यांनी मला तिथे ठोकले, लिहिलेली बाजू आत करून. "तिचं अक्षर आहे, डोळ्यांसमोर असू दे," म्हणाले. त्यातले त्यांना ओ की ठो कळत नव्हते.

बाईंनी वर्षानुवर्षे निवडून जपलेले गुलाबी टोमॅटोचे बी आता एकाच पुडीत उरले होते. आणखी एक वर्ष ठेवले तर रुजणार नाही, म्हणून यंदाच्या मार्चमध्ये काकांनी सगळी पुडी मातीच्या तबकांत पेरली. रोपे बोटभर वर आली आणि नेमक्या तेव्हा उंदरांनी पेटीच्या तारा कुरतडल्या. झाकणात बाईंनी चिकटवलेला तारांचा आराखडाही खाल्ला. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या उरल्या: खिडक्या २, हीटर ३.

काकांनी शेजारच्या गावातून झिव्कोला बोलावले. तो धुलाईयंत्रे दुरुस्त करी. आल्या आल्या त्याने कोट काढून माझ्या खिळ्याला टांगला. पहिला नियम झाकला गेला.

"सोपं आहे, काका. तारांच्या दुसऱ्या भोकात खिडक्या, तिसऱ्यात हीटर."

तो एकपासून मोजत होता. मी पाहत होतो, पण पुठ्ठ्याला तोंड कुठले?

दुपारचे कडक ऊन होते. पेटीला वाटले, उकडते आहे, खिडक्या उघडाव्यात. तिने दोन क्रमांकाच्या, म्हणजे शून्यापासून मोजून तिसऱ्या भोकाला हुकूम सोडला. तिथे हीटर होता, तो लालबुंद झाला.

"बघा, तापला की नाही?"

"अरे, पण मी घामाने निथळतोय. आत्ता कशाला तापतोय हा?"

"कालपर्यंत तापत नाही म्हणून रडत होतात, आज तापतो म्हणून. तुम्हाला खूश करणं काकूंनाच जमत असेल."

काका हसले. जाणत्या माणसाशी वाद कशाला, म्हणून त्यांनी दोन पेले राकिया, म्हणजे फळांची कडक दारू ओतली. त्या उकाड्यात झिव्को कोट विसरूनच गेला.

पहाटे दव गोठले. पेटीने हीटरसाठी तीन क्रमांकाच्या, म्हणजे चौथ्या भोकाला हुकूम सोडला. तिथे काहीच जोडलेले नव्हते.

सकाळी काका आले तेव्हा सगळी रोपे काळी पडून माना टाकून होती. ते एकेका तबकावरून हात फिरवत राहिले. इतक्यात झिव्को कोट न्यायला आला. त्याने कोट उचलला आणि त्याची नजर माझ्यावर गेली. त्याने वाचले, पेटीकडे पाहिले आणि तो पालथ्या खोक्यावर मटकन बसला.

"काय झालं रे?"

"काका, मोजायचं कुठून, ते काकूंनी इथं लिहिलंय."

"ते तर मी रोज वाचतो," काका म्हणाले. "मला वाटायचं, गंमत केलीये तिने. शून्यापासून कोण मोजतं?"

झिव्कोने त्याच दिवशी तारा योग्य भोकांत बसवल्या. हीटर आता अगदी बरोबर चालतो. गारठा पडला की लागतो आणि रिकाम्या तबकांना ऊब देतो. ते बी आता गावात कुणाकडेच नाही.

मित्रांनो, कुणी मन लावून लिहून ठेवलेले समोर दिसले, तर आधी वाचा आणि कळले नाही तर विचारा. मला आणखी काही मागायचे नाही. झिव्को हल्ली काकांना भेटायला येतो. कोट तो दाराबाहेर, गवतावर काढून ठेवतो.