तीनदा उकळलेलं पाणी

सुनेनं घर फोडलं, असा आळ बऱ्याच सुनांवर येतो. हिच्यावर मात्र सासऱ्यांची विहीर बंद केल्याचा आळ आला. बिचारीचा गुन्हा एवढाच, की ती पाणीपुरवठा खात्यात पाणी तपासायच्या कामाला होती आणि विहिरीच्या पाण्यात युरेनियम निघालं.

सासरे म्हणजे अण्णा. त्यांनी सगळी नोकरी त्या विहिरीच्या पंपावर काढली होती, आणि निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी तांब्या घेऊन ते तिथल्या नळावर हजर असायचे. पाणी होतंही अमृतासारखं. पण पातळी खाली गेली, म्हणून तळाला आणखी खोल बोअर मारली, आणि खडकातलं युरेनियम पाण्याबरोबर वर आलं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. त्यामुळे अण्णांचा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता.

"युरेनियम म्हणजे बाँबचं ना गं?"

"बाँब नाही हो अण्णा. पण रोज थोडं थोडं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं बिघडतात. कपडे धुवा, भांडी घासा, फक्त पिऊ नका."

"इतकी वर्षं पितोय. काय बिघडलंय माझं?"

"डोकं," स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या.

खात्यानं विहीर पिण्यासाठी बंद केली, नळावर तशी पाटी लावली आणि शेजारीच धरणाच्या पाण्याचा नवा नळ बसवला. वस्तीनं पाटी वाचली आणि अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी जुन्या नळाखाली तांब्या धरला. झालं! त्यांच्यामागं सगळ्यांनी कळश्या लावल्या. सुनेला धडकी भरली, कारण त्या रांगेत तान्ह्या पोरांच्या आयाही होत्या. अण्णा हटल्याशिवाय वस्ती हटणार नव्हती, आणि अण्णा म्हणजे हट्टाचा पुतळा.

मग एके दिवशी अण्णांनी आपणहून वाद मिटवला. नळावर जाणं तेवढं चालू होतं, पण पाटीला नावं ठेवणं थांबलं. चहा पिताना ते गालातल्या गालात हसायला लागले. सून खूश झाली. सासूबाई मात्र कुरकुरत होत्या, की गॅस इतक्या लवकर कसा संपतो? समोरचा शिंपीही म्हणाला, की आमच्याकडेही तेच. त्याच सुमारास वस्तीत जो तो चुलीशी का उभा असतो, हे सुनेला कुणी सांगितलं नाही.

सगळ्या विहिरींच्या पाण्याच्या बाटल्या तपासणीला मोठ्या प्रयोगशाळेत जात. सून त्या गोळा करून घरी आणून ठेवायची आणि सकाळी पाठवून द्यायची. त्या खेपेला खोक्यात एक बाटली जास्त होती. वर लिहिलं होतं, 'नवी विहीर'. एखाद्या सहकाऱ्यानं ठेवली असेल, असं समजून तिनं ती पाठवून दिली.

अहवाल आला तसा साहेबांचा फोन आला. "ही नवी विहीर कुठली? सगळ्यांत वाईट पाणी तिचं आहे! तुमच्या त्या बंद विहिरीपेक्षाही! आधी शोधा आणि टाळं ठोका."

सुनेनं स्कूटरवरून सारं शहर पालथं घातलं. कुठं खोदकाम झालंय का, कुणी बोअर मारलीय का, विचारून विचारून घसा बसला. नवी विहीर कुणी ऐकलीसुद्धा नव्हती. संध्याकाळी ती ताटावर बसली, तरी डोक्यात तीच विहीर होती.

"कोण पीत असेल हो ते पाणी?" ती म्हणाली. "एखाद्या घरात लेकरं असतील. त्यांना कळतही नसेल."

अण्णांचा हात ताटातच थांबला.

"मीच पितो," ते म्हणाले.

"तुम्ही? कुठली विहीर आहे ती?"

"आपलीच गं. तीनदा उकळलेली. पार निम्मी होईपर्यंत आटवतो. म्हटलं, काय असेल ते वाफेबरोबर जाईल. म्हणून बाटली भरून तुझ्या खोक्यात ठेवली. तुझ्याच प्रयोगशाळेचा दाखला आणून तुझ्या हातात ठेवणार होतो."

सुनेला असं हसू फुटलं की ठसका लागला. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, पाणी आटलं तर मीठ उडतं का? उलट खारटपणा वाढतो! सगळी हयात पाण्यात काढलीत, एकदा चुलीपाशी येऊन विचारलं असतंत तर!"

अण्णाही हसणार होते. पण त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"अगं, मी सगळ्या वस्तीला आटवायला सांगितलंय. त्या तान्ह्या पोरांच्या आयांनाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नळावर उभे राहिले आणि त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मी गाढवपणा केला, म्हणाले. उकळून ते वाढतं, सून खरं सांगत होती.  मग शिंपी कळशी न हलवताच म्हणाला, "म्हणजे आता ते धरणाचं बेचव पाणी प्यायचं?"

सगळ्यांचे डोळे अण्णांवर लागले. पाण्याच्या बाबतीत या माणसानं कधी कुणाची भीड ठेवली नव्हती. सुनेच्या लग्नाच्या बैठकीत व्याह्यांच्या पाण्यालाही त्यांनी तोंडावर मचूळ म्हटलं होतं. अण्णा नव्या नळाशी गेले. तांब्या भरला. औषधाचा वास सुनेला लांबूनही येत होता. त्यांनी घटाघटा सगळा तांब्या रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

"गोड आहे," ते म्हणाले.

शिंप्यानं कळशी उचलून नव्या नळाखाली लावली. त्याच्यामागं एकेक करत सगळी रांग सरकली. 

घरी परतताना तिनं हळूच विचारलं, "अण्णा, खरंच गोड लागलं?"

"छे गं! थेट तुझ्या माहेरचं," अण्णा म्हणाले. "पण आजपासून घरात हेच भर."