ढेकूणबाबाचं पाणी

कपड्यांच्या कारखान्यामागच्या इमारतीचा जिना माणसांनी ठासून भरला होता. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक गादी उभी केलेली, आणि तिच्या शिवणीतून मेलेले ढेकूण तिळासारखे गळत होते.

"बघा, डोळे भरून बघा!" पांढऱ्या कफनीतला बाबा हातातली पितळी झारी उंचावून ओरडला. "ढेकूण म्हणजे नुसता किडा वाटला काय तुम्हाला? ढेकूण म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं वाईट! दिवसा तोंड दाखवत नाही, अंधारात येतं, रक्त पितं आणि फटीत दडतं. माझं पाणी फटीत शिरून त्याला हुडकतं!"

गर्दीने हात जोडले. इमारतीतल्या पोरांनी त्याला 'ढेकूणबाबा' नाव ठेवलं होतं, पण मोठ्यांपैकी कुणाला हसू येत नव्हतं. उकळतं पाणी ओतून झालं, रॉकेल चोळून झालं, खाटा जाळून झाल्या. ढेकूण होते तिथेच. रात्रभर अंग खाजवून सकाळी शिलाई मशीनवर बसणाऱ्याला जो झोप देईल तोच देव.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई कशाबशा वाट काढत धाकट्या बहिणीच्या खोलीशी पोचल्या. ती गादी बहिणीचीच होती.

"ताई, काल चिमणी एकदाही रडली नाही गं! मीही मेल्यासारखी झोपले," बहीण म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीला गेलेला; पाच वर्षांच्या लेकीला ती एकटीच सांभाळत होती.

बाईंनी गादीला नाक लावलं. वर गुलाबाचं अत्तर, आणि त्याखाली काहीतरी उग्र, सडक्या लसणासारखं. त्यांचं डोकं भणभणलं.

"अगं, हे कसलं तरी औषध आहे. गादी बाहेर टाक, खिडकी उघड आणि पोरीला आधी आंघोळ घाल."

"बाबांनी बजावलंय. ते सांगेपर्यंत खिडकी उघडायची नाही, पोरीला धुवायचं नाही. शक्ती वाहून जाते."

"शक्ती वाहून जाते की वास?"

बहिणीचा चेहरा उतरला. "तुला सगळंच खोटं दिसतं. इतकी वर्षं तुझ्या विज्ञानाने एक ढेकूण तरी मारला का माझ्या घरातला?"

तेवढ्यात चिमणी मावशीच्या गळ्यात पडली, शाळेत शिकलेलं गाणं तिने अर्धंच म्हणून दाखवलं आणि खेळायला पळाली. 'उद्या पुन्हा समजावू,' असं मनाशी म्हणत बाई घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या आल्या, तेव्हा बंद खोलीत चिमणी त्याच गादीवर पडली होती. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने निथळत होतं, पापण्या आणि दंड आपोआप फुरफुरत होते. बाबा उशाशी बसून पाणी शिंपडत होता.

"घाबरू नकोस, माऊली. शेवटचं वाईट बाहेर पडतंय. लाळेवाटे पडतंय!"

"हो बाजूला!" बाईंनी त्याला ढकललं, पोरीला उचललं आणि त्या जिना उतरल्या. मागून बहीण अनवाणी धावत आली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या डोळ्यांवर बॅटरी धरली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"घरात काय फवारलंय?"

"काही नाही," बहीण म्हणाली. "मंतरलेलं पाणी आहे."

"ते पाणी नाही. शेतात किडींवर फवारतात ना, तसलं जहर आहे. श्वासातून जातं, कातडीतून जातं. किड्याच्या नसा ज्याने आखडतात, त्यानेच माणसाच्याही आखडतात. लेकरू लहान, म्हणून लवकर." बोलता बोलता त्यांनी नर्सकडून पोरीचे कपडे उतरवले, अंग धुवायला लावलं, उताऱ्याची सुई टोचली. पुन्हा टोचली. पण छातीत पाणी भरलं होतं.

"सकाळीच आणली असतीत तर…" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि वाक्य अर्धंच सोडून त्यांनी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला.

दिवस मावळण्याआधी चिमणी गेली. बहीण रडलीसुद्धा नाही. लेकीच्या केसांना येणारा अत्तराचा वास हुंगत ती एवढंच पुटपुटत राहिली, "झोपली होती गं. किती छान झोपली होती."

माती देऊन परतल्यावर बाईंना इमारतीच्या दारात पुन्हा गर्दी दिसली. बाबा सांगत होता, "पोरीने सगळ्या इमारतीचं वाईट स्वतःवर घेतलं! पुण्यवान जीव!"

बाईंचा आवाज वर्गातला निघाला. त्यांनी काचेच्या दोन बरण्या मागवल्या. एका खाटेच्या फटीतून जिवंत ढेकूण काढून दोन्हींत सोडले. एकीत नळाच्या पाण्याने भिजवलेली चिंधी टाकली.

"म्हण तुझा मंत्र."

बाबा चाचरला, पण लोक बघत होते. त्याने डोळे मिटून लांबलचक मंत्र म्हटला. ढेकूण मजेत काचेवर चढत राहिले.

बाईंनी हातावर प्लास्टिकची पिशवी चढवली, झारीतल्या पाण्यात भिजवलेली चिंधी दुसऱ्या बरणीत टाकून झाकण लावलं आणि म्हणाल्या, "आता माझा मंत्र ऐका. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा…"

कुणी हसलं नाही. पाढे संपेपर्यंत ढेकूण उताणे पडून पाय झाडत होते.

"मंत्राने मरत असतील, तर माझ्या पाढ्यांनीही मरतात! यात दैवी असं काही असेल, तर बाबा, एक घोट पिऊन दाखव."

बाबा आपली झोळी उचलून सटकू लागला. शिवणकामगार बायकांनी त्याला धरलं. झोळीतून अत्तराच्या कुप्या निघाल्या, आणि लेबल खरवडलेला कीटकनाशकाचा डबा. पोलीस येईपर्यंत बायकांनी त्याला सोडलं नाही.

संतापलेल्या लोकांनी बाबाने घरोघरी दिलेल्या पाण्याच्या बाटल्या आणून गटारात ओतायला सुरुवात केली.

"ओतू नका!" बाई धावल्या. "गटार तळ्याला मिळतं. तिथे मासे आहेत, त्यांना खाणारे पक्षी आहेत, पलीकडे पाणी भरणारी माणसं आहेत. आपण रागावलो म्हणून जहराचं पाणी होत नाही!"

काही बाटल्या तोवर रिकाम्या झाल्या होत्या. सकाळी तळ्याच्या काठाला पांढऱ्या पोटांचे मासे लागले होते. आणि काही घरांनी बाटल्या दिल्याच नाहीत. बाबा खोटा, पण ढेकूण खरे होते. झोप कुणाला नको?

ते कळल्यावर बहीण उठली. हातात रबरी मोजे, डॉक्टरीणबाईंनी दिलेला झाकणाचा डबा. ताईला तिने सोबत घेतलं, पण बोलायचं काम स्वतःकडे ठेवलं. पहिल्याच दारात म्हातारी म्हणाली, "अगं, एवढं थोडं तर उरलंय. काय होतंय एवढ्याशानं?"

"मावशी, मीही विचारलं नव्हतं," बहीण म्हणाली. "अत्तर हुंगलं, मंत्र ऐकला, मेलेले ढेकूण बघितले. बाटलीत काय आहे, एवढं एकच विचारलं नाही. देव रागावेल असं वाटलं. विचारल्याने रागावतो तो देव नसतो, मावशी. विचारा. कुणी कितीही पाया पडत असलं तरी विचारा."

म्हातारीने आत जाऊन नातवाच्या उशीखालची बाटली आणून दिली. बहिणीने ती डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि पुढचं दार वाजवलं.

"मी चिमणीची आई," ती म्हणाली. "बाटली द्या."