नदीम मिस्त्रीनं बसवलेलं दार

इसरूभाऊच्या पोटात दोन वर्षांपासून जे जळून राह्यलं होतं, त्याच्यावर ऊर्जानगरच्या अर्ध्या कॉलनीचा सैपाक झाला असता. अन् कारन काय, तं एक कपाट. कपाटही नाई म्हना, कपाट बसवनारा.

त्याच्या बायकोनं, मीराबाईनं, आपल्या क्वार्टरमधी भिंतभर कपाट करून घेतलं होतं, सरकत्या दाराचं. दोन पल्ले. मागचा साधा, पुढच्याले डोक्यापासून पायापर्यंत आरसा. चंद्रपूरचा नदीम मिस्त्री आला, एका दिवसात काम करून गेला, पन मीराबाईच्या तोंडातून काही गेला नाई. सुरी बोथट झाली का ती म्हने, नदीमभाऊच्या पटाशीची धार पाहा लागत होती. इसरूभाऊले शर्टाची गुंडी लावाले वेळ लागला का म्हने, नदीमभाऊचा हात कसा झरझर चाले.

सांगता सांगता गोष्टही वाढत गेली. पयले नदीमनं पल्ले अर्ध्या घंट्यात बसवले होते. मंग पंधरा मिनिटात. यंदा तं चहा निवाच्या आत. मंग त्यात वाघही आला. मोहर्लीकडं नदीम कोनाच्या घरी दार बसवत होता, तं वाघ येऊन उंबऱ्यावरच बसला. नदीमनं मान वर न करता म्हटलं, बाबा, जरा तिकडं सरक, पट्टी बसवाची हाये. अन् वाघ सरकला. हे मीराबाई समोरच्या क्वार्टरातल्या सरिताले सांगत होती, अन् इसरूभाऊ पेपर उलटा धरून आयकत होता.

बत्तीस वर्षं त्यानं वीज केंद्रात कोळशाचे पट्टे चालवले. एकेक पट्टा असा लांब, का या टोकाले घातलेला कोळसा त्या टोकाले पोचेपर्यंत मानसाचा डबा खाऊन होये. पन त्याच्यासाठी वाघ तं सोडा, कुत्रंही कधी सरकलं नाई.

सगळ्यात लागलं ते सांबारवडीचं. सांबार म्हंजे कोथिंबीर निवडा, मसाला करा, पारी लाटा, भरा, तळा, अर्धा दिवस जाते. इसरूभाऊनं मांगितली का मीराबाईचे गुडघे दुखत. नदीमसाठी मात्र तिनं ताटभर केली होती, अन् तेव्हा गुडघे कुठी गेले होते कोन जाने.

म्हनून कपाट लागलं त्याच दिवशी इसरूभाऊनं मनाशी ठरवलं, का या दारात बिघाड येऊच द्याचा नाई. बिघाड नाई तं मिस्त्री नाई. सिंदेवाहीच्या बहिनीनं धाडलेलं मोहाच्या बियाचं तेल घरात होतं. गावाकडं बंडीच्या आसाले तेच, दाराच्या बिजागरीले तेच, फुटलेल्या टाचेलेही तेच. मीराबाई शुक्रवारी बाजाराले गेली का हा कपाटाच्या खालच्या पट्टीत, दाराची चाकं पळते तिच्यात, तेलाची धार सोडे. दार जड लागलं तं त्यानं धार वाढवली. आनखी जड झालं तं आनखी वाढवली. शेवटी दाराले दोन हात लागाले लागले, मंग खांदा लागाले लागला, अन् एका बुधवारी मीराबाई निळी साडी काढाले गेली तं दार बोटभर उघडून जे थांबलं, ते थांबलंच.

तिनं लगेच फोन लावला. नदीम म्हने, ऐतवारी बारा वाजता येतो. शनिवारी घरात सांबाराच्या चार जुड्या आल्या.

ऐतवारी मीराबाई नऊ वाजता विहारात वंदनेले गेली. इसरूभाऊनं कंबर दुखते म्हनून सांगितलं अन् ती गल्लीच्या वळनावर गेली तशी कंबर बरी झाली. तीन घंटे हाती होते. बारा वाजाच्या आत दार सरकलं पाह्यजे, अन् तिनं आपल्याले एकडाव म्हटलं पाह्यजे, का वा. बस्स, येवढंच. पगार, पेन्शन, मेडल काही नको.

त्यानं पयले मागच्या पल्ल्याले हात घातला. ओढला, हासडला, पल्ला हलेना. हलन कसा, पुढचा आडवा उभा होता ना. मंग पुढच्याले कवटाळून असाच वर उचलला, तं वरच्या खाचेत पल्ला दोन बोटं चढला अन् खालून मोकळा झाला. खालची बाजू आपल्याकडं ओढली, का सगळा पल्ला हातात. आरशात त्याचं तोंड टमाट्यावानी लाल. पल्ला पलंगावर निजवला, मंग मागचाही तसाच काढला, अन् वाकून खालची पट्टी पाह्यली.

पट्टीत काळी चटनी होती. बोटात धरली तं बोटाले बोट चिकटे. या कॉलनीत खिडक्या लावून बसा नाई तं घराले गोधडी पांघरा, केंद्राची राखड आत येतेच. वाळत्या कपड्यावर येते, दह्यावर येते. कोरडी राहीन तं फडक्यानं निघते. हिले दोन वर्षं मोहाचं तेल पाजलं होतं. नदीमनं जाता जाता सांगितलं होतं, का भाऊ, पट्टीत काही टाकू नका, कोरडं फडकं मारा. पन तेव्हा इसरूभाऊ वड्या मोजून राह्यला होता.

तो तसाच खाली बसला. म्हंजे नदीमले फोन मीराबाईनं लावला असन, पन बलावलं कोनं, तं आपनच.

गरम पानी आनलं, साबनाचा चुरा, जुना ब्रश अन् आपलं बनियान. घासता घासता साडेअकरा झाले. पट्टी चकाकली, चाकं मोकळी झाली. मंग घाईत त्यानं पुढचाच पल्ला पयले लावला, अन् मागच्याले आत जाले वाटच उरली नाई. परत काढला. मागचा लावला, मंग पुढचा लावला, दोन पावलं मागं होऊन पाह्यलं तं आरसाच नाई. आरसा आतल्या बाजूनं, अन् मीराबाईच्या साड्या त्यात आपलं रूप पाहून राह्यल्या. पुन्हा काढला.

पल्ला असा छातीशी धरून उभा असताना दारात नदीम मिस्त्री आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर झोला. तो धरू लागाले पुढं झाला.

"हात लावू नको," इसरूभाऊ म्हनला.

नदीमनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. मंग हळूच हवा हुंगली.

"भाऊ, मोहाचं तेल टाकलं होतं काय?"

"माह्या घरी मी तेल टाकन, नाई तं तूप टाकन."

इसरूभाऊनं पल्ला वरच्या खाचेत घातला, उचलला, खालून आत ढकलला, अन् चाकं पट्टीवर टक्कन बसली. एक कोपरा खाली झुकला होता, तं चाकाजवळचा स्क्रू पिळून बराबर केला. मंग एका बोटानं ढकललं. दार असं गेलं, जसं लोन्यावरून सुरी.

तेवढ्यात मीराबाई आली. तिनं चपला काढल्या, करंगळीनं दार इकडून तिकडं नेलं, तिकडून इकडं आनलं, अन् डोळे मिटले.

"नदीमभाऊ, तुमचा हात म्हंजे काही औरच हाये."

नदीम म्हने, का वहिनी, मी हातही लावला नाई, भाऊनंच बसवलं.

"पाहा," मीराबाई इसरूभाऊले म्हनली, "याले म्हन्ते मानूस. येवढं करून नाव दुसऱ्याले देते."

आता मात्र इसरूभाऊच्या कानातून धूर निघाला, केंद्राच्या चिमनीतून निघते तसा. तो पुढं झाला, पल्ला उचलला अन् सरळ काढून हातात घेतला. मीराबाई "अवो, काय करून राह्यले" म्हनेपर्यंत आरशातली मीराबाई त्याच्या हातात अन् खरी मीराबाई समोर. मंग वर घातला, खालून ढकलला, टक्क. एका बोटानं दार सरकवलं.

"सांग आता. कोनाचा हात?"

मीराबाईनं दाराकडं पाह्यलं. काळ्या बनियानाकडं पाह्यलं. बादलीतल्या काळ्या पान्याकडं पाह्यलं.

"तुमचा," ती म्हनली. "अन् दोन वर्षं माह्या साड्यायले मोहाचा वास काऊन येते, ते मले समजत नव्हतं काय? तो हातही तुमचाच."

नदीम हासू दाबाले खिडकीबाहीर पाहाले लागला. मीराबाई सैपाकघरात गेली. कढई ठेवल्याचा आवाज आला, अन् तिथूनच तिनं, जसं कोनी भिंतीले सांगते तसं, म्हटलं, "वा."

इसरूभाऊनं ते नीट आयकू आलं नाई म्हनून पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं नाई. पन नदीमनं आयकलं होतं, साक्षीदार होता, पुरे झालं.

सोमवारी मीराबाई सरिताजवळ बसली. पल्ला एका हातानं काढला, हे पयले सांगितलं. मंग आरशासगट. मंग कपड्यायसगट. बुधवारपर्यंत इसरूभाऊ कपाटच डोक्यावर घेऊन उभा होता अन् दुसऱ्या हातानं चहा पीत होता.

सरिताचा नवरा बापूराव हे सारं आतून आयकत होता. गुरुवारी दुधाच्या रांगेत इसरूभाऊनं त्याले जयभीम केला, तं त्यानं तोंड फिरवलं. शुक्रवारी त्याच्या घरून ठोकाचा आवाज आला. बापूरावनं आपल्या घरची चांगली खिडकी चौकटीसगट काढली होती, अन् ती आता कोनत्याच बाजूनं परत बसून नव्हती राह्यली. सरितानं गॅलरीतून विचारलं, मीराबाई, इसरूभाऊ रिकामे हायेत काय?

इसरूभाऊ दिवानावर पाय पसरून रिकामाच बसला होता.

"सांग, काम चालू हाये म्हनून," तो हळूच म्हनला. "अर्ध्या घंट्यानं येतो. बापूरावले जरा वाट पाहू दे."