मिशीचा रंग

"आत्या, लवकर ये! बाबा मला पोहण्याच्या शिबिराला पाठवत नाहीयेत!" फोनवर भाची हुंदके देत होती. शिबिर दुसऱ्याच दिवशी होतं आणि पोरगी वर्षभर त्याचीच वाट बघत होती. रविवारची झोप सोडून मी भावाकडे गेले.

गुन्हा भिंतीवर लटकत होता. आमच्या दिवंगत वडिलांच्या फोटोच्या काचेवर कुणीतरी झोकदार काळी मिशी काढली होती. भाऊ नुसता फणफणत होता. "घरात स्केचपेनं कुणाची? हिचीच! रंगेहाथ सापडली की!"

"रंगेहाथ म्हणायला हाताला रंग तरी लागलेला हवा ना रे?" मी म्हटलं. गुन्हे प्रयोगशाळेत खोट्या सह्यांच्या शाया तपासण्यात माझं आयुष्य गेलं, आणि हा मला पुरावा शिकवतोय!

ओल्या कापसाने मी अर्धी मिशी टिपून घेतली. घरातली सगळी काळी पेनं गोळा केली. गाळणकागदाची पट्टी कापून भावाला म्हटलं, खाली एक आडवी रेघ मार. शहाण्याने पेनाने मारली.

"अरे दिवट्या, पेन्सिलीने! पेनाची रेघसुद्धा पाण्याबरोबर वर चढेल आणि सगळा घोळ होईल."

नवी पट्टी घेतली. रेघेवर मिशीचा ठिपका, शेजारी एकेका पेनाचा. ठिपके वर राहतील असं पट्टीचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवलं. काळी शाई दिसते एकरंगी, पण तिच्यात बरेच रंग दाटीवाटीने बसलेले असतात. पाणी कागदातून चढू लागलं की ज्याला पाणी आवडतं तो रंग त्याच्याबरोबर पळतो, आणि ज्याला कागद सोडवत नाही तो मागे रेंगाळतो. भाचीच्या स्केचपेनातून गुलाबी, निळा, पिवळा निघाला. मिशीतून नुसता जांभळा आणि त्याच्याखाली हिरवट.

"सुटले!" भाचीने उडीच मारली.

पण अगदी तसाच जांभळा, तसाच हिरवट आणखी एका ठिपक्यातून चढला होता. तो ठिपका होता आईच्या शब्दकोड्याच्या जाड पेनाचा. त्या पेनाला घरात दुसरं कुणी हातसुद्धा लावत नाही.

तेवढ्यात आई डोळे तपासून घेऊन घरी आली. फोटोकडे बघून तिचा चेहराच पडला. "अगं बाई! अर्धी कुणी पुसली?"

भावाची बोबडी वळली. "आई, तू?"

"मग काय करू? जन्मभर यांनी मिशी ठेवली, आणि नेमकी फोटोच्या दिवशी कुणाचं तरी ऐकून काढून टाकली. चांगला मोठा फोटो तेवढा एकच. रोज सकाळी त्या परक्या माणसाकडे बघते, पण मला हे त्यात सापडतच नाहीत रे."

भाऊ लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून "चुकलो गं, उद्या जा तू" म्हणाला, आणि आईचं पेन घेऊन स्टुलावर चढला.

"जरा जाड काढ," आई खालून म्हणाली. "आणि डावीकडे थोडी खाली घे. यांची तशीच होती."